जनरेटर तासाला किती डिझेल खातो?

प्रश्न थोडक्यात असा: ६२.५ केव्हीएचा डिझेल सेट आहे. कंपनीच्या पत्रकात तासाला १३.५ लिटर दिलंय. ओळखीतल्या एकाने सूत्र लावून १७ लिटर काढले. ऑपरेटरच्या वहीतून सरासरी काढली तर येते ६ लिटर. सलग ४८ तास वीज गेली तरी पुरेल एवढं डिझेल ठेवायचंय, तर यातला कोणता आकडा धरायचा?

१७ आधी बाजूला काढू, कारण ती सरळ चूक आहे. युनिटमागे (एक किलोवॅट तासभर चालला की एक युनिट) ०.२७ लिटर हा आकडा त्यांनी बरोबर धरला, पण गुणलं ६२.५ ने. ६२.५ हे केव्हीए. डिझेल जळतं ते किलोवॅटसाठी. सेटच्या नेमप्लेटवर पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला किती भाग खरे किलोवॅट होतो तो आकडा, बहुतेक ०.८ असतो, म्हणजे तुमचा सेट ५० किलोवॅटचा. ५० ला ०.२७ ने गुणा, १३.५ येतात. म्हणजे सूत्र नीट लावलं तर पत्रकातलाच आकडा मिळतो.

उरले दोन, १३.५ आणि ६, आणि ते दोन्ही खरे आहेत. पत्रकातला आकडा पूर्ण लोडचा आहे. वहीतला तुमच्या लोडचा आहे. "हा सेट तासाला किती खातो" या प्रश्नाला लोड सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. गाडी किती एव्हरेज देते हे तरी थोडंफार सांगता येतं. जनरेटरच्या बाबतीत तोच सेट त्याच दिवशी तासाला ३ लिटरही घेतो आणि १२ लिटरही.

हे समजायला वीजबिल डोळ्यांसमोर आणा. बिलात एक स्थिर आकार असतो, वीज वापरा नाहीतर वापरू नका, तो भरावाच लागतो. त्यावर प्रत्येक युनिटचा वेगळा आकार. जनरेटरचं डिझेल अगदी याच दोन भागांत जळतं. ५० हर्ट्झची वीज द्यायची तर चार पोलच्या अल्टरनेटरला (सेटमधला वीज तयार करणारा भाग) मिनिटाला १५०० फेरे घ्यावेच लागतात. लोड शून्य असो की पूर्ण, वेग सांभाळणारा गव्हर्नर इंजिनाला तिथेच धरून ठेवतो. पिस्टन-रिंगांचं घर्षण, ऑइल पंप, पाण्याचा पंप, रेडिएटरचा पंखा, अल्टरनेटरचं स्वतःचं नुकसान, या सगळ्याला दर तासाला ठरावीक डिझेल लागतं. हा स्थिर आकार. एकही दिवा न लावता सेट तासभर चालू ठेवला तरी तो जळणारच.

त्याच्यावर जे युनिट तुम्ही ओढता, त्या प्रत्येक युनिटला साधारण सारखंच डिझेल लागतं. पहिलं युनिट असो की चाळिसावं. आलेखावर मांडलं तर जवळजवळ सरळ रेघ येते. वाफेच्या इंजिनांच्या काळात विलन्स नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने वाफेचा खप असाच लोडसमोर मांडला होता, म्हणून अशा रेघेला आजही विलन्स रेषा म्हणतात. डिझेल इंजिनाला ती चांगली लागू पडते. अगदी वरच्या टोकाला, म्हणजे ९० टक्क्यांच्या पुढे, ती थोडी वर वळते, पण आपल्या कामाला तेवढा बारकावा नको.

तेव्हा तुमच्या सेटचे दोनच आकडे हाती हवेत: बिनलोड तासाला किती लिटर, आणि वाढीव युनिटला किती लिटर. ५० किलोवॅटच्या बऱ्या अवस्थेतल्या सेटला हे ढोबळमानाने २ लिटर आणि ०.२३५ लिटर धरा. मग पूर्ण लोडला २ अधिक ११.७५, म्हणजे पावणेचौदा लिटर. पत्रकाशी जुळलं. अर्ध्या लोडला, २५ किलोवॅटला, ७.९ लिटर. पाव लोडला ४.९. आणि ५ किलोवॅटला, म्हणजे जेमतेम दहा टक्के लोडला, ३.२ लिटर.

आता हेच आकडे युनिटमागे काढून बघा. पूर्ण लोडला एका लिटरमध्ये ३.६ युनिट मिळतात, अर्ध्याला ३.२, पावला २.५ आणि दहा टक्क्यांना फक्त दीडच्या आसपास. सेट तोच, डिझेल तेच, मेकॅनिकही तोच. फरक एवढाच की स्थिर आकार कमी युनिटांवर वाटला गेला.

तुमची ६ ची सरासरी उलट लावून पाहू. ६ मधून २ गेले, राहिले ४, त्याला ०.२३५ ने भागलं की १७ किलोवॅट. म्हणजे सेट सरासरी ३४ टक्के लोडवर चालतोय. राखीव वीजपुरवठ्यासाठी घेतलेल्या सेटांत हे अगदी नेहमीचं आहे. लिफ्ट, पंप, कॉम्प्रेसर यांचा सुरू होतानाचा झटका सहापट करंटपर्यंत जातो, तो झेलायला सेट मोठा घ्यावा लागतो. झटका काही सेकंदांचा असतो, त्याला डिझेल नगण्य लागतं. पण त्याच्यासाठी घेतलेल्या मोठ्या सेटचा स्थिर आकार मात्र तासन् तास भरावा लागतो.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, कारण मी ती फार वेळा पाहिली आहे. व्यवस्थापक दर महिन्याला "लिटरमागे साडेतीन युनिट आलेच पाहिजेत" असा दंडक लावतात आणि एखाद्या महिन्यात तीन आले की ऑपरेटरकडे बोट दाखवतात. त्या महिन्यात लोड कमी असेल, तर तीनच येणार. डिझेलचोरी होते, नाही असं नाही. पण ती पकडायची तर एकूण तास, एकूण युनिट आणि एकूण लिटर असे तीन आकडे समोर ठेवून. तास गुणिले २, युनिट गुणिले ०.२३५, बेरीज करा आणि वहीतल्या लिटरशी ताडून पाहा. चार-पाच टक्क्यांचा फरक तर नुसत्या मोजमापातच येतो. डिझेल तापमानाने फुगतं, अंशाला साधारण ०.०८ टक्के. टँकर दुपारी रिकामा केला आणि पहाटे काठी बुडवली, वीस अंशांचा फरक पडला, तर तीनशे लिटरमागे पाच लिटर कोणी हात न लावता कमी दिसतात. फरक पंधरा टक्क्यांवर गेला आणि दर महिन्याला एकाच बाजूला गेला, तर मात्र विचारायला हरकत नाही.

आता तुमच्या सेटचे खरे दोन आकडे कसे काढायचे ते. मी वर दिलेले २ आणि ०.२३५ हे सुरुवातीला ठीक आहेत, पण प्रत्येक इंजिन वेगळं असतं, आणि पत्रकातल्या आकड्यावरही आयएसओ ३०४६ या मानकाप्रमाणे पाच टक्के अधिकची सूट असते. शिवाय तो आकडा नवीन इंजिनाचा, २५ अंश हवेतला.

सोपा मार्ग वहीचा. सेटच्या पॅनेलवर अवर मीटर आणि युनिट मीटर दोन्ही आहेत ना ते बघा. टाकी एका पक्क्या खुणेपर्यंत भरा, दोन्ही मीटर लिहून घ्या. वीज गेली, सेट चालला, परत आली. पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा आणि किती लिटर लागले ते मोजमापाच्या भांड्याने मोजा. समजा एक दिवस ५ तास चालला, ६० युनिट दिले आणि २४.१ लिटर लागले. दुसऱ्या दिवशी ४ तासांत ११० युनिट आणि ३३.९ लिटर. पहिल्या दिवशी तासाला १२ किलोवॅटवर ४.८२ लिटर, दुसऱ्या दिवशी २७.५ किलोवॅटवर ८.४७ लिटर. लोड १५.५ ने वाढला तेव्हा डिझेल ३.६५ ने वाढलं, म्हणजे युनिटला ०.२३५. ते १२ ने गुणून ४.८२ मधून वजा केलं की उरतात २. झालं. फक्त हे दोन दिवस लोडच्या दृष्टीने पुरेसे वेगळे हवेत. १६ आणि १८ किलोवॅटच्या दोन दिवसांवरून रेघ काढायला गेलात तर टाकी भरताना झालेली लिटरभराची चूक सगळा हिशेब वाकवून टाकेल. आणि दोनपेक्षा दहा नोंदी केव्हाही बऱ्या.

नेमका मार्ग कॅनचा. मेकॅनिकला बोलावून सेटची डिझेल लाइन तात्पुरती टाकीवरून काढायची आणि एका स्वच्छ कॅनमध्ये सोडायची. कॅन वजनकाट्यावर ठेवायचा. डिझेल लिटरला साधारण ०.८३ ते ०.८४ किलो भरतं, त्यामुळे वजनावरून लिटर काढता येतात आणि फेसाचा, फुगण्याचा प्रश्नच येत नाही. इंजिन आधी वीस मिनिटं चालवून गरम करून घ्यायचं, मग बिनलोड अर्धा तास. काटा १७.२० वर होता तो १६.३६ वर आला, म्हणजे ८४० ग्रॅम, म्हणजे एक लिटर, म्हणजे तासाला दोन. मग पुन्हा १७.२० पर्यंत भरून २० किलोवॅटचा स्थिर लोड टाकायचा आणि अर्धा तास थांबायचं. काटा १४.४० वर आला तर २.८ किलो, ३.३५ लिटर, तासाला ६.७. लाइन उघडली की हवा शिरते, ती काढल्याशिवाय सेट पुन्हा चालू होणार नाही. आणि उघडं डिझेल तापलेल्या सायलेन्सरपासून लांब. हे हौशी माणसाचं काम नाही.

या कामात घोडं एका जागी पेंड खातं, ती म्हणजे रिटर्न लाइन. डिझेल पंप इंजिनाला लागतं त्याच्यापेक्षा जास्त डिझेल खेचतो आणि उरलेलं परत टाकीत सोडतो. कॅनमध्ये दोन्ही नळ्या गेल्या पाहिजेत, ओढणारी आणि परत येणारी. मी नवशिका असताना एका जागी ओढणाऱ्या लाइनवर एकच फ्लो मीटर बसवला, आकडा लिहिला आणि ऐटीत अहवाल दिला. सेट लोडच्या मानाने जवळपास तिप्पट डिझेल खातोय असं त्यात निघत होतं. तिथल्या म्हाताऱ्या फिटरने अहवाल वाचला नाही, नुसता रिटर्नच्या नळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हे कोमट डिझेल कुठं चाललंय, ते पण लिहा की." तेव्हापासून मी एक तर दोन मीटर लावतो आणि वजाबाकी करतो, नाहीतर सरळ कॅन.

नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांच्या पॅनेलवर तासाला किती लिटर ते थेट दिसतं. चांगली सोय आहे, पण तो आकडा मोजलेला नसतो, कॉम्प्युटरने इंजेक्शनच्या वेळेवरून काढलेला असतो. एकदा कॅनने पडताळून घ्या. मग फरक किती टक्के ते कळलं की तो आकडा बिनधास्त वापरा.

युनिट मीटर नसेल तर टाँग टेस्टरवर (केबलला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) काम चालवावं लागतं. तिन्ही फेजचा करंट घ्या, सरासरी काढा. ४०० व्होल्टला सरासरी ३० अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८५ असेल, तर १.७३ गुणिले ४०० गुणिले ३० गुणिले ०.८५, भागिले १०००, म्हणजे साधारण १७.७ किलोवॅट. एका वेळच्या मोजणीवर भरवसा ठेवू नका. एसीचे कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतात, लिफ्ट वर जाताना ओढते, खाली येताना फारसं नाही. दर पंधरा मिनिटांनी दिवसभर नोंद केली तर काही अर्थ आहे.

हाती आलेला आकडा खरा वाटतो का, हे तपासायला एक गोष्ट लक्षात ठेवा. एक लिटर डिझेलमध्ये जेमतेम दहा युनिटांएवढी उष्णता असते. त्यातली ३.६ युनिट वीज म्हणून बाहेर आली तर कार्यक्षमता ३६ टक्के झाली, आणि या आकाराच्या सेटला ती चांगलीच म्हणायची. दहा-पंधरा केव्हीएचे छोटे सेट पूर्ण लोडला ३ च्या आसपास देतात, मोठे मेगावॅटचे सेट ४ च्या. कोणी तुम्हाला ५० किलोवॅटच्या सेटवर लिटरला ५ युनिट मिळतात असं सांगत असेल, तर तो ५० टक्के कार्यक्षमता सांगतोय. तेवढी जहाजांच्या अवाढव्य इंजिनांना मिळते. तुमचा मीटर तरी चुकतोय, नाहीतर सांगणारा.

आता ४८ तासांचा हिशेब. इथे वहीतली ६ ची सरासरी जशीच्या तशी घेऊ नका. ती रोजच्या तासा-दोन तासांच्या खंडितीची आहे, आणि त्या बहुधा दिवसा होतात. दोन दिवस सलग वीज गेली तर संध्याकाळचा मोठा लोडही येणार आणि मध्यरात्रीचा अगदी हलकाही. पाण्याच्या टाक्या, ज्या एरवी वीज आल्यावर भरता, त्या आता सेटवरच भराव्या लागणार. फोन, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, सगळं त्याच्यावरच चार्ज होणार. म्हणून एक दिवस कागदावर मांडा. उदाहरणापुरतं धरू: सकाळी ४ तास २६ किलोवॅट, दिवसा ९ तास १६, संध्याकाळी ५ तास ३२, रात्री ६ तास ८. युनिट झाले १०४, १४४, १६० आणि ४८, बेरीज ४५६.

सरळ रेघेचा मोठा फायदा इथे मिळतो. प्रत्येक टप्प्याचं डिझेल वेगळं काढायची गरज नाही. एकूण तास आणि एकूण युनिट एवढंच पुरतं. २४ गुणिले २ म्हणजे ४८ लिटर, ४५६ गुणिले ०.२३५ म्हणजे १०७ लिटर, दिवसाला १५५. दोन दिवसांना ३१०. यातले ९६ लिटर, जवळपास एक तृतीयांश, नुसतं इंजिन फिरत ठेवायला गेले.

त्यावर मी वीस टक्के चढवतो. पाच मानकातल्या सुटीचे, पाच जुन्या झालेल्या इंजिनाचे, आणि दहा लोडचा अंदाज चुकण्याचे, कारण तो कायम कमीच धरला जातो. झाले ३७२ लिटर. पत्रकाच्या १३.५ ने गेला असता तर ६४८ लिटर साठवले असते, १७ ने गेला असता तर ८१६. जास्त साठवलं तर बिघडलं काय, असं वाटेल. पण डिझेल पडून राहिलं की त्यात पाणी जमतं, पाणी आणि डिझेलच्या सांध्यावर जंतू वाढतात, गाळ होतो आणि ऐन वेळी फिल्टर चोक होतो. सहा महिने ते वर्षभरात फिरेल एवढंच ठेवावं. साठवणुकीच्या परवानगीचे नियमही असतात, ते आपापल्या ठिकाणचे बघा.

खरं म्हणजे पूर्ण लोडचा आकडा दिवसभरासाठी धरणं कंपनीलाही मान्य नाही. प्राइम रेटिंगच्या, म्हणजे बदलत्या लोडवर कितीही तास चालवायच्या सेटवर चोवीस तासांची सरासरी ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी आयएसओ ८५२८ ची अट आहे. तुमच्या सेटला ती ३५ किलोवॅट, म्हणजे तासाला सव्वादहा लिटर. यापेक्षा जास्त सरासरी लागत असेल तर डिझेलचा नव्हे, सेटच्या आकाराचाच प्रश्न आहे.

रात्रीचे ते सहा तास मात्र खटकतात. ८ किलोवॅटवर सेट तासाला ३.९ लिटर घेतो, युनिटला जवळपास अर्धा लिटर. वर सोळा टक्के लोडवर डिझेल इंजिन नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते, धुराड्याच्या तोंडाशी काळा तेलकट ओघळ दिसायला लागतो. तीस टक्क्यांच्या खाली तासन् तास चालवू नये, असं सगळे सांगतात ते यासाठी. रात्रीसाठी छोटा सेट घ्यावा का? तो ८ किलोवॅटला पावणेतीन लिटर घेईल. तासाला लिटरभर, रात्रीला सहा-सात लिटर वाचतील. वर्षातून मोजके दिवस लागणाऱ्या गोष्टीसाठी नुसत्या डिझेलच्या बचतीवर दुसरा सेट परवडत नाही, हे माझं स्पष्ट मत. बॅटरीचा विचार जास्त योग्य. दिवसा सेट चालूच असतो, स्थिर आकार भरून झालेला असतो. तेव्हा बॅटरी भरायला प्रत्येक युनिटला फक्त ०.२३५ लिटर जास्त लागतं. रात्रीच्या ४८ युनिटांसाठी, भरताना-काढताना होणारं नुकसान धरून, ६० युनिट भरा. १४ लिटर लागले. सेट रात्रभर चालवला असता तर २३. पण ४८ युनिटांची बॅटरी काही छोटी नव्हे. सगळ्या लोडऐवजी जिन्यातले दिवे आणि एखाद-दुसरी अडलेली गोष्ट बॅटरीवर घेतली आणि रात्री तीन-चार तास सेट बंद ठेवता आला, तरी चांगलंच.

पॉवर फॅक्टरबद्दल हमखास विचारणा होते, कारण कपॅसिटर विकणारे "डिझेल वाचेल" असं सांगतात. डिझेल किलोवॅटला लागतं. पॉवर फॅक्टर सुधारला तर केबल आणि अल्टरनेटरमधलं नुकसान किंचित कमी होतं, एवढंच. उलट हलक्या लोडवर कपॅसिटर जास्त झाले तर पॉवर फॅक्टर लीडिंगकडे जातो (करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो) आणि अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरत नाही. लोड सेटवर आला की कपॅसिटर बाजूला काढायची सोय असावी. इंधनाच्या नळीला लावायचे चुंबकपट्टे आणि तत्सम वस्तूंवर मी वेळ घालवत नाही.

खऱ्या बचतीची जागा विनाकारण चालणाऱ्या मिनिटांत असते. वीज आल्यावरही लोड परत लाइनवर टाकणारं चेंजओव्हर पॅनेल दहा मिनिटं वाट पाहतं, मग इंजिन थंड व्हायला पाच मिनिटं. छोट्या छोट्या खंडिती दिवसाला सात-आठ असल्या तर पावणेदोन-दोन तास असेच जातात. थंड होण्याची पाच मिनिटं टर्बोसाठी हवीतच, पण वाट पाहण्याची वेळ दहावरून तीनवर आणता येते. आठवड्याच्या चाचणीलाही अर्धा तास बिनलोड चालवण्यापेक्षा त्यावर खरा लोड टाका. नाहीतर वर्षाला बावन्न लिटर फक्त काजळी साचवायला जातात.

एअर क्लीनर चोक झाला, नोझल झिजले, टर्बो थकला की हे दोन्ही आकडे सरकतात, म्हणून वर्षातून एकदा मोजणी पुन्हा करावी. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर थोडं जास्त लागेल; निव्वळ बायोडिझेलमध्ये लिटरमागे उष्णता साधारण ८ टक्के कमी असते. उंचावर, विरळ हवेत, सेटची ताकद घटते, तिथे नेमप्लेटचे किलोवॅटच आधी कमी करून घ्या.

घरगुती पेट्रोल जनरेटरचा हिशेबही याच साच्याचा, फक्त आकडे जड. दोन किलोवॅटच्या आतले सेट पूर्ण लोडला युनिटमागे ०.६ ते ०.७ लिटर घेतात आणि पाव लोडला लिटरच्या आसपास. तेही इन्व्हर्टर प्रकारचे, जे लोड कमी झाला की इंजिनाचा वेग उतरवतात. साधे, ठरावीक वेगाचे, हलक्या लोडवर याहून वाईट. एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या सेटला चांगल्या लोडवर युनिटमागे ३५० ते ४०० ग्रॅम धरून चाला.

शेवटी टाकी, कारण हिशेब बरोबर येऊनही सेट बंद पडतो तो इथे. आडव्या गोल टाकीत काठी पाव उंचीपर्यंत ओली झाली म्हणजे टाकी पाव भरली, असं सगळे धरतात. प्रत्यक्षात तिच्यात साडेएकोणीस टक्केच असतं, कारण तळाला टाकी अरुंद असते. एका ठिकाणी अशीच ५०० लिटरची टाकी होती. काठी पाव ओली, म्हणून १२५ लिटर, म्हणून एकोणीस तास, असा हिशेब करून रात्रपाळीचा माणूस निर्धास्त होता. होते ९८. त्यातले तळाचे पाच सेंटिमीटर ओढणाऱ्या नळीच्या खाली, ते गेले चौदा. तेराव्या तासाला सेट खोकला आणि बसला. डिझेल आणून भरायला वीस मिनिटं लागली, आणि रिकाम्या झालेल्या लाइनमधली हवा काढायला टॉर्चच्या उजेडात पाऊण तास.

तुमची टाकी तशीच आडवी गोल, ७५ सेंटिमीटर व्यासाची, ५०० लिटरची असेल, तर वर फुगण्यासाठी पाच टक्के जागा सोडून आणि तळाचे चौदा लिटर वजा करून ४६० लिटर वापरता येतात. तुम्हाला ३७२ हवेत, म्हणजे ती पुरते. काठीवर लिटरच्या खुणा असतीलच; त्यांच्या शेजारी तासांच्याही करून ठेवा, वीस टक्के चढवलेला तासाला ७.८ लिटरचा दर धरून. तळापासून २० सेंटिमीटरवर १२ तास, ३२ वर २४ तास, ५४ वर ४८ तास. खुणा सारख्या अंतरावर येत नाहीत म्हणून कोणीतरी त्या "दुरुस्त" करायला बघेल, त्याला हात लावू देऊ नका. वीज गेली त्या वेळी काठी ५४ च्या खाली ओली होत असेल, तर डिझेलचा फोन तेव्हाच करायचा.